नावात एक शब्द कमी, अन् रेशन बंद

हैदराबादची पोसिडेक्स कंपनी बँकांना आणि सरकारांना डेटा जुळवून देते. नाव, पत्ता बघून ‘दोन नोंदींतला माणूस एकच’ असं तिचं सॉफ्टवेअर ठरवतं. तेलंगणाच्या ‘समग्र वेदिका’त ते वापरलं गेलं. तिथे एका गरीब रिक्षावाल्याला, मिळत्याजुळत्या नावामुळे, कारवाला समजून घरच्यांचं रेशन नाकारलं! रद्द झालेल्या सुमारे 19 लाख कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करा, असं सुप्रीम कोर्टाला 2022 मध्ये सांगावं लागलं.

आपल्याकडेही ‘लाडकी बहीण’ची पडताळणी अशीच नोंदी जुळवून झाली. आधारवर ‘शेख’, रेशनकार्डावर ‘शैख’ असं असू शकतं. माणसाला कळतं, मशीन चुकू शकतं. दोन्ही कागद आजच शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, पोच घ्या. लाभ थांबलाच तर कारण लेखी मागा.