शिफ्ट सुटल्यावर पेरू

चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटते तेव्हा पेरूची हातगाडी हमखास उभी असते. फळाला चार काप, त्यात तिखट-मीठ. घरी आजारी माणूस असला, की मात्र आपण महागडं सफरचंदच नेतो. ही सवय मला खटकते. 100 ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व साधारण 200 मिलिग्रॅम असतं, सफरचंदात जेमतेम 5. तंतूही पेरूत दुपटीने. शिवाय हे जीवनसत्त्व भाकरी-उसळीतलं लोह अंगी लागायला मदत करतं. डब्यासोबत पेरू खाण्यात खरा फायदा तोच. सफरचंद वाईट नाही, सालीसकट खावं. पण पेरू आयत्या वेळी कापून घ्या; चिरून ठेवला, की हवेने क जीवनसत्त्व कमी होत जातं.