इमर्जन्सीच्या खाटेवरची पंधरा मिनिटं: बिडी सुटायची सुरुवात इथूनच

एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा शेतात रेंज येत नाही, अशांसाठी हा नेहमीसारखा लिखित भाग. बोलीतलं बोलीतच ठेवलंय.

या वेळचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून आला. त्याने विचारलं होतं, "बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले बिडी बंद करा, बाबा म्हणाले हो. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा बिडी. आता काय करायचं?"

हा प्रश्न एकट्याचा नाही. आमच्या सुलतानपूरहून पेशंट न्यायचा म्हणजे लोणार, मेहकर, नाहीतर थेट बुलढाणा. जास्त सिरियस असेल तर जालना-संभाजीनगर किंवा अकोला. एकशे आठला फोन लावणारा, गाडीत सोबत बसणारा आणि बाकड्यावर रात्र काढणारा बहुतेक वेळा घरातला तरुण पोरगा किंवा पोरगी असते, म्हणजे तुम्हीच. म्हणून आजचं बोलणं तुमच्याशी.

इमर्जन्सीच का?

एरवी बिडी ओढणाऱ्या माणसाला धोका माहीत असतो, पण तो दूरचा वाटतो. "आमचे आजोबा नव्वद वर्षं ओढत होते" हे उत्तर तयारच असतं. छातीत कळ आली किंवा दम लागून ऑक्सिजन लावावा लागला, की तोच धोका अंगावर येतो. त्या काही तासांत माणूस ऐकायला तयार असतो, आणि ही तयारी फार दिवस टिकत नाही.

दुसरं कारण साधं आहे, पण लक्षात येत नाही. दवाखान्यात बिडी मिळत नाही. म्हणजे दाखल झाल्यापासूनच माणसाचं बिडी सोडणं सुरू झालेलं असतं, त्याला स्वतःला ते कळलेलं नसतं एवढंच. निकोटिन बंद झाल्यावर चिडचिड, बेचैनी आणि झोप न येणं हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. नंतर तो दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. तीन दिवस वॉर्डात काढलेल्या माणसाने सगळ्यात अवघड घाट ओलांडलेला असतो. आणि सुट्टी झाल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर तो पहिली बिडी पेटवतो!

नुसतं बोलून फरक पडतो का?

पडतो. किती, तेही मोजलेलं आहे.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी इमर्जन्सीत आलेल्या 778 सिगारेट ओढणाऱ्यांवर अभ्यास केला. तो 2015 मध्ये छापून आला. अर्ध्या लोकांना तिथेच समुपदेशन, सहा आठवड्यांचे निकोटिन पॅच आणि गम, आणि हेल्पलाइनशी जोडणी असं सगळं मिळालं. बाकीच्यांना माहितीपत्रक दिलं. तीन महिन्यांनी तपासणी करून पाहिलं, तर पहिल्या गटात 12.2 टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती आणि दुसऱ्या गटात 4.9 टक्के.

इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या सहा इमर्जन्सी विभागांत 2022 मध्ये 972 लोकांवर असाच प्रयोग झाला. पंधरा मिनिटांपर्यंतचं बोलणं, ई-सिगारेटचा किट आणि पुढे मदत केंद्राकडे नाव पाठवणं. सहा महिन्यांनी आकडे आले 7.2 टक्के आणि 4.1 टक्के.

तुम्ही म्हणाल, शंभरातले सातच? बरोबर आहे, बहुतेकांची पहिल्या फटक्यात सुटत नाही. पण एका मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत वर्षभरात किती माणसं येतात ते डोळ्यांपुढे आणा. खर्च जवळजवळ नाही, आणि प्रत्येक शंभरामागे तीन-चार किंवा सात माणसं जास्त सुटतात. हार्टच्या पेशंटसाठी तर हा हिशोब जीवाचाच आहे. हृदयविकारानंतर सिगारेट सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, न सोडणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी होतो, असं 2003 मध्ये वीस अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं.

ई-सिगारेटचा भाग मात्र आपल्याकडे विसरा. भारतात 2019 पासून त्यावर बंदी आहे. पण येलचं सामान बघा: बोलणं, गम-पॅच, फोनवरचा पाठपुरावा. हे तिन्ही आपल्याकडे आहे. कमी पडतं ते बोलणारं माणूस. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत, वर्षभरात डॉक्टरकडे जाऊन आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी 48.8 टक्के लोकांनाच "सोडा" असं सांगितलं गेलं होतं. निम्म्यांना तेवढंही कोणी म्हणालं नाही. आणि त्याच पाहणीत निम्म्याहून जास्त जण सोडायचा विचार करत होते.

समुपदेशक नेमकं करतो काय?

भाषण देत नाही, हे आधी सांगतो. 1983 मध्ये विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने एक पद्धत मांडली. तिचं सार असं, की सोडायची कारणं आपण सांगायची नाहीत, ती पेशंटच्या तोंडून यायला हवीत. म्हणजे बोलणं साधारण असं चालतं:

"काका, सकाळी उठल्यावर पहिली बिडी कधी?"
"चहाच्या आधीच."

इथे एक गोष्ट कळली. उठल्यापासून अर्ध्या तासात बिडी लागत असेल, तर सवय पक्की आहे. अशा माणसाला नुसत्या निश्चयाबरोबर औषधाचीही मदत लागू शकते.

"सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? एक ते दहात सांगा."
"असंल चार."
"चार का? एक का नाही?"
"आता नातीचं लगन पाहाचं हाय ना भाऊ."

बघा, "दहा का नाही?" असं विचारलं असतं तर काकांनी अडचणी मोजल्या असत्या. "एक का नाही?" विचारलं, तर कारण त्यांनीच दिलं. मग पुढचं ठरवायचं: कोणत्या दिवसापासून, घरातली बंडलं आणि माचिस कोण उचलणार, पारावर गेल्यावर काय म्हणायचं, आणि आठवड्याने फोन कोण करणार. हा शेवटचा फोन विसरला, की बाकीचंही हळूहळू वाहून जातं.

समुपदेशक नसेल तर?

रात्री दोन वाजता आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक बसलेला नसतो. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची सोय सरकारी कार्यक्रमात आहे, तिथे दिवसा जरूर चौकशी करा. तोवर तुम्हाला एवढं करता येईल:

1. आधी उपचार. छातीत कळ चालू असताना बिडीचा विषय काढू नका. माणूस शांत झाला, चहा प्यायला, की मग.
2. डॉक्टरांना खरं सांगा. दिवसाला किती बिड्या, तंबाखू किंवा खर्रा चालतो का. पेशंट लाजून कमी सांगतो.
3. "सांगत होतो ना तुम्हाला!" हे वाक्य गिळून टाका. ते खरं असलं तरी त्याने माणूस बंद होतो. "बाबा, तीन दिवस झाले बिडीविना. कसं वाटतंय?" असं विचारा.
4. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगा. प्रेमापोटी बिडी किंवा चिमूट देणारा मित्र हमखास येतो. ऑक्सिजन चालू असेल तिथे काडी ओढणं तर जीवावरचं आहे.
5. सुट्टीच्या आधी डॉक्टरांना निकोटिन गमबद्दल विचारा. हार्टच्या पेशंटने स्वतःच्या मनाने घेऊ नये. गम चॉकलेटसारखा चघळायचा नसतो. चार-सहा वेळा हळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा.
6. वॉर्डातूनच हेल्पलाइन लावा. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन 1800-11-2356, फोन मोफत. 2016 मध्ये ती दिल्लीतून सुरू झाली, आणि 2018 मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियलही त्यात आलं. हा नंबर तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. फोन लावून द्या आणि बोलणं बाबांना करू द्या.

नेहमीचे तीन प्रश्न

*"दिवसाला एकच ओढली तर?"* हृदयासाठी एकही हलकी नाही. 2018 मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं, की दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा!

*"बिडी तर पानाची, सिगारेटपेक्षा बरी ना?"* नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात. धूर कमी जात नाही.

*"आमच्याकडे बिडी नाही, तंबाखू-चुना आहे."* महाराष्ट्रात हेच जास्त आहे. त्याच पाहणीत राज्यात धूम्रपान करणारे 3.8 टक्के निघाले आणि चघळणारे-लावणारे 24.4 टक्के. बोलण्याची पद्धत तीच, हेल्पलाइन तीच.

आता त्या श्रोत्याला उत्तर. भावा, बाबांनी तिसऱ्या दिवशी पुन्हा ओढली म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. बहुतेकांना दोन-चार वेळा प्रयत्न करावे लागतात. ते "हो" म्हणाले होते, पण त्या "हो"नंतर कोणी बसून बोललं नाही. आता फॉलो-अपला जाल तेव्हा सोबत जा, डॉक्टरांसमोर बिडीचा विषय तूच काढ. आणि येताना रिक्षात बाबांना विचार, एक ते दहात किती?

तुमच्या घरी काय उपयोगी पडलं ते व्हॉइस मेसेजवर पाठवा. पुढच्या भागात आपण खर्रा सोडण्याबद्दल बोलू. भेटूया!