रक्त कमी आहे, पण जातंय कुठे?

मागच्या गणपतीत आत्या आमच्याकडे इंदूरला आली, तेव्हा एक मजला चढताना दोनदा थांबली. "वय झालं गं," म्हणाली. वय ६१. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४.

घरात लगेच खजूर, बीट आणि अळिवाचे लाडू सुरू झाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत आकडा ११ वर गेला, सगळे खूश झाले आणि गोळ्या थांबल्या. पुढच्या चार महिन्यांत तो पुन्हा ९ च्या खाली आला. "उपास कमी कर," असं मीही तिला सुनावलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तपासला. तो जवळपास संपला होता. मग त्यांनी विचारलं, "पाळी बंद होऊन किती वर्षं झाली?" आत्या म्हणाली, "दहा." "मग रक्त जातंय कुठे?"

त्यांनी हिशेब मांडला. अन्नातून शरीर रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह घेतं. एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर रक्तात सुमारे अडीच मिलिग्रॅम लोह असतं. आतड्यातून रोज चमचाभर रक्त गेलं, तरी डोळ्यांना काही दिसत नाही आणि साठा मात्र आटत जातो. गळकी टाकी नुसती भरून काय उपयोग?

जठराची एंडोस्कोपी आणि मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी झाली. मोठं आतडं जिथे सुरू होतं, तिथे उजव्या बाजूला गाठ सापडली. कर्करोग. त्या भागात मळ पातळ असतो, त्यामुळे अडथळा उशिरा जाणवतो आणि रक्त मळात मिसळून जातं. आत्याला ना पोटदुखी होती, ना बद्धकोष्ठ. अशक्तपणा हेच एक लक्षण होतं. वेळेत शस्त्रक्रिया झाली आणि आज ती बरी आहे. पण ते सात महिने आम्ही लाडवांत घालवले, ही बोच राहिलीच.

लोह कमी असलेल्या प्रत्येकाला कर्करोग असतो, असं मुळीच नाही. जठरातला व्रण, अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या, आकडीकृमी, सिलिअ‍ॅक अशी कितीतरी कारणं असतात. तरुण मुलींमध्ये बहुधा पाळीतला रक्तस्राव असतो. पण पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोहाची कमतरता निघाली, तर जठर आणि आतडं तपासायला हवं का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. शौचावाटे रक्त, घटणारं वजन किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर कोणत्याही वयात विचारा. "मूळव्याध असेल" म्हणून सोडून देऊ नका. गोळ्यांनी आकडा वाढला, म्हणजे कारण गेलं असंही नाही.

आज आईबाबांचे जुने रिपोर्ट काढून बघा. हिमोग्लोबिन बाबांचं १३ च्या खाली किंवा आईचं १२ च्या खाली असेल, तर फेरिटिन तपासून घ्या. लाडू जरूर करा, पण रक्त जातंय कुठे, हे आधी विचारा.