मोबाईलवरचा खेळ आणि मुलाचे लक्ष



उसाच्या नोंदीसाठी देऊळघाट भागात फिरताना हल्ली हुमणीपेक्षा मोबाईलविषयीच जास्त विचारणा होते. "साहेब, पोरगं फोनवर दोन-दोन तास हालत नाही अन् पुस्तकापुढं पाच मिनिटं टिकत नाही. आता म्हणे ध्यान वाढवणारे गेम निघालेत. लावून देऊ का?" प्रश्न रास्त आहे, म्हणून जे वाचनात आले ते येथे मांडतो.

हे सगळेच थोतांड आहे असे नव्हे. २०२० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'एन्डेव्हर आरएक्स' नावाच्या टॅब्लेटवरील खेळास परवानगी दिली. लक्ष न टिकण्याचा विकार असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी तो होता, आणि तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. अडथळे चुकवीत वाहन हाकायचे आणि त्याच वेळी ठराविक चित्र दिसले तरच बोट लावायचे, असा प्रकार. ३४८ मुलांवर चाचणी झाली. काहींना हा खेळ, बाकीच्यांना साधा शब्दखेळ. रोज सुमारे २५ मिनिटे, आठवड्यात ५ दिवस, ४ आठवडे. संगणकावरील लक्षाच्या परीक्षेत पहिली मुले सरस ठरली. परंतु आईबापांनी मुलांच्या वागण्याची जी नोंद केली, तीत दोन्ही गट सारखेच सुधारलेले दिसले!

आपल्याला यात नवल वाटू नये. प्रात्यक्षिक प्लॉटवर जे टनेज पडते ते आपल्या सगळ्या रानात पडतेच असे नाही. इंग्लंडमध्ये २०१० साली ११,४३० प्रौढांवर असाच प्रयोग झाला. ६ आठवडे मेंदूचे खेळ खेळून माणसे त्या खेळांत तरबेज झाली, दुसऱ्या कामात मात्र फरक पडला नाही. तेव्हा पोरगं गेममध्ये किती लेव्हल चढले हे विचारूच नका. दहा ओळी न उठता उतरवून काढतो का, दुकानातून सांगितलेल्या तीन वस्तू न विसरता आणतो का, ते बघा. महिनाभर वहीत टिपून ठेवले तर उत्तम.

कोणी म्हणेल, मग बुद्धिबळ? आपल्या विदर्भाची, नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. अभिमानाची गोष्ट आहे. पण इंग्लंडात १०० शाळांत बुद्धिबळ शिकवून पाहिले, तर वर्षभराने गणितात काही फरक आढळला नाही, असा २०१६ चा अहवाल आहे. तरी माझे मत बुद्धिबळाच्या बाजूचे. त्यात समोरच्याची चाल होईस्तोवर थांबावे लागते. फोनवर खेळायचेच तर 'लिचेस' फुकट आहे, जाहिराती नाहीत. अर्धा तास, आपण शेजारी बसून, आणि डाव संपला की फोन आपल्या खिशात. खरा घात डावानंतरच्या व्हिडिओंनी होतो. वाघबकरी किंवा अष्टाचंग घरात असेल तर फोनचीही गरज नाही.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. तरीही फसव्या लिंका येतातच. उसाचे बिल ज्या खात्यात जमा होते, त्याच खात्याचा फोन पोराच्या हातात असतो अन् पिन त्याला पाठ असतो. पिन आजच बदला.

आणि मूल घरी, शाळेत, खेळातही कुठेच टिकत नसेल, तर गेमवर महिने घालवू नका. त्याला मारू तर नकाच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते. लक्ष न टिकण्याचा विकारही त्यांच्या तपासणीत बसतो. पथक कधी येणार ते गुरुजींना विचारून ठेवा आणि त्या दिवशी रानातले काम बाजूला ठेवून स्वतः हजर राहा.

— ऊस विकास अधिकारी