घर घेताना : लेखांक ६
नव्वद लाखांच्या घराला गिऱ्हाईक का नाही?

मागच्या आठवड्यात वन बीएचकेचा हिशोब मांडला. आज उल्हासनगरच्या कॅम्प ४ मधली मोठी घरे. श्रीराम चौक किंवा लालचक्कीच्या बाजूला ९० लाखांचा एक नवा थ्री बीएचके आहे असे धरा. स्टेशन जवळ, लिफ्ट, पार्किंग, सगळे आहे. घर पाहायला माणसे येतात, चहा पितात, ‘कळवतो’ म्हणून जातात. ‘महाग आहे’ म्हणून घर पडून आहे, हे इस्टेट एजंटचे ठरलेले उत्तर. मला ते अर्धेच वाटते. उल्हासनगरात पैसा कमी नाही. अडचण अशी की ज्याला मोठे कर्ज मिळते त्याला इथले कागद पटत नाहीत आणि ज्याला इथेच राहायचे आहे त्याला मोठे कर्ज मिळत नाही.

आधी नोकरदाराचे पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येते, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढचे ७५ टक्क्यांपर्यंतच. म्हणजे आपल्या घराला जास्तीत जास्त ७२ लाख. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत धरली, तर हप्ता ६२ हजारांच्या पुढे जातो. वरचे १८ लाख स्वतःचे. बांधकाम चालू असताना घेतले, तर त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे साडेचार लाख. मुद्रांक शुल्क निराळे आणि त्यासाठी बँक कर्ज धरत नाही. हेच घर ४५ लाखांपर्यंतचे आणि ६० चौरस मीटर कार्पेटच्या आतले असते, तर जीएसटी १ टक्का. ४५ लाखांवर ४५ हजार, ४६ लाखांवर थेट २ लाख ३० हजार! बिल्डर ४५ लाखांच्या आतले घर बांधायला का धावतो, ते इथे कळते. रोकड किती अडवते हे २०२० मध्ये दिसले. राज्याने सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी उतरवले आणि नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या.

हे सगळे जमवणारा नोकरदार मग कागद मागतो आणि उल्हासनगरची गाडी तिथे अडते. हे शहर बिल्डरने किंवा गावठाणाने घडवलेले नाही. दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी तळ फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी इथे शहराची पायाभरणी केली. कुटुंबांना बराकींतल्या खोल्या मिळाल्या आणि १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाई कायद्यानंतर मालकीच्या सनदा निघू लागल्या. पण सनद एकाच्या नावावर, ताबा दुसऱ्याकडे, मधले व्यवहार साध्या स्टँप पेपरवर, असे पुष्कळ ठिकाणी झाले. चार-सहा खोल्यांचे हिस्से एकत्र करून इमारत उठवली की बँकेच्या वकिलाला त्या प्रत्येक खोलीच्या मालकीची साखळी जुळवावी लागते. एक दुवा तुटलेला निघाला, की कर्ज नाही.

त्यात अनधिकृत बांधकामांचा इतिहास. ८५५ इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, त्या वाचवण्यासाठी राज्याने २००६ मध्ये खास उल्हासनगरपुरता नियमितीकरणाचा कायदा केला, पण काम रेंगाळले. मे २०२१ मध्ये नेहरू चौकाजवळच्या इमारतीचे स्लॅब कोसळून ७ जणांचे प्राण गेले. त्यानंतर जुनी इमारत म्हटली की घेणारा आधी स्ट्रक्चरल ऑडिट विचारतो. यात त्याचे काय चुकले?

आता इथेच राहू पाहणारा व्यापारी. दुकान जोरात, पण रिटर्नमध्ये दाखवलेले उत्पन्न बेताचे. बँक रिटर्न बघते, गल्ला बघत नाही. सगळी रक्कम रोखीने देण्यापेक्षा त्याला तो पैसा मालात फिरवणे परवडते. नोकरदार मात्र त्याच पैशात, त्याच कर्जतच्या लोकलवर, दोन-तीन स्टेशने पुढे अंबरनाथला किंवा बदलापूरला मोठ्या संकुलात जातो.

मग किंमत उतरवत का नाहीत? आधी पूर्ण भाव दिलेले शेजारी भांडायला येतात, हे एक. शिवाय रेडी रेकनरच्या दरापेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली विकले, तर तो फरक उत्पन्न धरून विकणाऱ्यावर कर लागतो आणि घेणाऱ्यावरही. त्यामुळे बोर्डावरचा भाव तसाच राहतो, सवलत मॉड्युलर किचन आणि फुकट पार्किंगच्या रूपाने येते. माझ्या मते कॅम्प ४ मध्ये खरी सवलत एकच : स्वच्छ सनद, मंजूर नकाशा आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र). ती असेल तर चार पैसे जास्त द्यायलाही हरकत नाही.

तेव्हा टोकन देण्याआधी प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा आणि ओसी यांच्या प्रती मागा आणि त्या आपल्या बँकेच्या वकिलाला दाखवा. विकणारा ‘नंतर देतो’ म्हणाला, तर टोकनही नंतरच द्या. पुढच्या आठवड्यात : सर्च रिपोर्ट कसा वाचायचा.