टाकीचा गिझर काढला, बिनटाकीचा लावला: काय बदललं, काय चुकलं

इअरफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी हा भाग आहेच, पण बऱ्याच जणांनी मेसेज केले की आकडे नीट लिहून द्या. म्हणून हा लेखी मसुदा. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त आकडे पुन्हा तपासलेत.

तर गोष्ट आमच्याच घरची. कोल्हापुरात, मंगळवार पेठेत आमचं जुनं घर. न्हाणीत 15 लिटरचा टाकीचा गिझर होता. एका सकाळी खालून पाणी ठिबकायला लागलं. प्लंबर म्हणाला, "टाकी सडलीय, आता डागडुजी नको, नवीनच घ्या." आणि घरात सभा भरली. आई म्हणाली, होता तसाच आणा. दादाला पाहिजे होता गॅसचा, "नळ सोडला की गरम पाणी, नंबर लावायची भानगडच नाही." मी मोबाईलवर वाचत बसलो. सगळीकडे एकच सांगणं: टाकी काढा, पैसे वाचवा.

इथं पहिली गोम आहे. टाकीत तापवून ठेवलेलं पाणी हळूहळू निवतं, ती उष्णता फुकट जाते. टाकीच्या गिझरवरचे स्टार हेच मोजतात, 24 तासांत नुसत्या उभ्या टाकीतून किती उष्णता गेली ते. परदेशात टाकी दिवसरात्र चालू असते, त्यामुळे तिथं बिनटाकीचा खरंच परवडतो. आपल्याकडे काय असतं? उठल्यावर बटण चालू, अंघोळी झाल्या की बंद. आणि कोणी विसरलं की आईची हाक, "गिझर कुणी चालू ठेवलाय रे?" म्हणजे वाया जाणारं मुळातच थोडं.

उरतं ते पाणी तापवण्याचं काम, आणि ते कुठल्याही विजेच्या गिझरला सारखंच. 20 लिटरची एक बादली 20 अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट. चार माणसं, चार बादल्या, रोजचे साधारण पावणेदोन ते दोन युनिट. टाकी असो वा नसो, हे लागणारच.

विजेचा इन्स्टंट: तुमची वायर बघा

छोट्या इन्स्टंट गिझरमध्येही 1 ते 3 लिटरची टाकी असते, पण काम चालत्या पाण्यावर होतं. टाकीचा गिझर बहुतेक 2 किलोवॅटचा, हा 3 किलोवॅटचा. 3 किलोवॅट म्हणजे 13 अँपिअर. त्याला 16 अँपिअरचं सॉकेट, निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि धड अर्थिंग हवं. साडेचार किलोवॅटचा घेतला तर जवळपास 20 अँपिअर होतात, मग वायर आणखी जाड. जुन्या घरात आधी वायरमनला बोलवा, गिझर नंतर आणा. वीजबिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही बघून घ्या.

आणि वेग? मिनिटाला 2 लिटर पाणी सोडलं तर 3 किलोवॅट ते साधारण 21 अंशांनी तापवतो. थंडीत 20 अंशांचं पाणी 41 वर येईल, म्हणजे अंघोळीला झकास. पण बादली भरायला 10 मिनिटं. नळ मोठा सोडलात की पाणी कोमट.

उलट आमची जुनी टाकी 20 अंशांचं पाणी 60 वर न्यायला सुमारे 21 मिनिटं घ्यायची, पण त्यात तेवढंच गार मिसळलं की 30 लिटर, म्हणजे दीड बादली तयार. वीज गेली तरी पाणी काही वेळ गरम राहायचं. इन्स्टंटला वीज गेली की खेळ खल्लास.

गॅसचा: खरी बिनटाकीची जात

'गिझर' हे नावच मुळात बिनटाकीच्या यंत्राचं. 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी गॅसवर चालतं पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलँडच्या उष्ण कारंज्यांवरून त्याला गिझर म्हटलं. पण त्याला धूर बाहेर काढायची नळी नव्हती, आणि तोच धोका होता. दीडशे वर्षांनी आम्ही नेमकी तीच चूक केली.

गॅसच्या गिझरची ताकद मोठी. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा म्हणजे साडेदहा किलोवॅट झाला. बादली साडेतीन मिनिटांच्या आत. माझ्या हिशेबाने रोजच्या चार बादल्यांना 14.2 किलोचा सिलिंडर अडीच महिन्यांच्या आसपास जातो. दादा जिंकला, गॅसचा आला. बसवणाऱ्याने तो न्हाणीच्या आतच भिंतीवर लावला. जागा तिथंच होती आणि आम्हीही काही विचारलं नाही.

डिसेंबरचे दिवस. गार वारं नको म्हणून दादाने खिडकी लावून घेतली. दोघांच्या अंघोळी झाल्या होत्या, हा तिसरा. बराच वेळ झाला, आवाज नाही. आईने दार वाजवलं, तर आतून नुसतं "डोकं गरगरतंय." कडी त्याने कशीबशी काढली आणि उंबऱ्यातच बसला. अंगणात आणून मोकळ्या हवेत बसवलं, 108 ला फोन केला. वाचला.

झालं काय ते सांगतो. गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत तो कमी पडला की जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग अंगातलं त्राण जातं, आणि तेव्हा कडी काढायचं भानच राहत नाही. बऱ्याच गिझरमध्ये 20 मिनिटांनी बंद होण्याची सोय असते, पण एकामागून एक अंघोळी करताना आपण तो पुन्हा पुन्हा चालू करतो.

आजी सगळं बघत होती. तिचा काळ तांब्याच्या बंबाचा. मधे जाळाची नळी, भोवती पाणी. ती एवढंच म्हणाली, "बंबाचा धूर डोळ्यात जायचा, म्हणून माणूस भाईर तरी यायचा." बंद खोलीत बंबही जीव घेऊ शकतो, पण तो निदान खोकवतो.

आता आमच्याकडे काय आहे

गिझर बाहेर गॅलरीत, सिलिंडरही बाहेर. न्हाणीत येते ती फक्त पाण्याची नळी. खर्च वाढला नळी आणि मजुरीचा, बस्स.

अजून एक: गॅसचा गिझर पेटायला पाण्याचा जोर लागतो. 10 मीटर उंचीवरच्या टाकीने साधारण 1 बार दाब मिळतो. आमची न्हाणी तळमजल्यावर, म्हणून जमलं. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहत असाल तर घ्यायच्या आधी विचारा.

मग घ्यायचा कुठला? बाहेर मोकळी जागा आणि पाण्याला जोर असेल, सकाळी गर्दी असेल तर गॅसचा. वायर दणकट आणि वापर थोडा, तर इन्स्टंट. यातलं काही नसेल तर टाकीचाच, आणि त्यात लाज कसली?

पण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या न्हाणीच्या आत गॅसचा गिझर असेल, भाड्याच्या खोलीत असेल, तर आज घरमालकाला फोन करा. तो बाहेर जाईपर्यंत बादली बाहेरून भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आत जा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!