जलवाहक दांडा

जलवाहक दांडा हे उंचावरील खिडक्या जमिनीवर उभे राहून धुण्याचे साधन आहे. इंग्रजीतील 'वॉटर-फेड पोल' या नावानेही ते ओळखले जाते. एकात एक सरकणाऱ्या किंवा एकमेकांस जोडता येणाऱ्या पोकळ नळ्यांचा हा दांडा असतो. त्याच्या टोकाला ब्रश असतो आणि दांड्यातून गेलेल्या बारीक नळीवाटे ब्रशपर्यंत क्षारमुक्त पाणी पोहोचते. काच घासून धुतल्यावर ती पुसावी लागत नाही. उरलेले पाणी डाग न ठेवता वाळते. ब्रिटनमध्ये दोन-तीन मजली घरे, शाळा व कार्यालये यांच्या खिडक्या धुण्यासाठी ही पद्धत सर्रास वापरली जाते.

पार्श्वभूमी

खिडक्या धुण्याची जुनी पद्धत म्हणजे शिडी, बादली, साबणाचे पाणी आणि रबरी पात्याची स्क्वीजी. आजच्या घडणीच्या स्क्वीजीचे पेटंट एत्तोरे स्तेकोने या अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन कारागिराने १९३६ साली घेतले. या पद्धतीत काच उत्तम स्वच्छ होते. परंतु पाणी पात्याने ओढून काढायचे असल्यामुळे माणसाला काचेच्या हाताभर अंतरावर असावे लागते. वरच्या मजल्याच्या खिडकीसाठी शिडी चढणे त्यामुळे अपरिहार्य ठरते. शिडीवरून पडून होणारे मृत्यू व कायमचे अपंगत्व ही या व्यवसायाची जुनी व्यथा आहे.

ब्रिटनमध्ये २००५ साली 'वर्क ॲट हाइट रेग्युलेशन्स' हे उंचीवरील कामासंबंधीचे नियम लागू झाले. उंचीवर काम करणे टाळता येण्याजोगे असेल तर ते टाळावे. टाळता येत नसेल तर पडण्यास प्रतिबंध करावा. तेही शक्य नसेल तर पडण्याचे अंतर व परिणाम कमी करावेत, असा क्रम त्यांत घालून दिला आहे. या नियमांनी शिडीवर बंदी घातली, असा समज आढळतो; तो बरोबर नाही. अल्प काळाच्या व कमी धोक्याच्या कामासाठी शिडी वापरता येते. मात्र जमिनीवरून काम करण्याचे साधन उपलब्ध असल्यास त्याला प्राधान्य मिळते. जलवाहक दांड्याच्या प्रसारास हे तत्त्व पोषक ठरले.

शुद्ध पाण्याचे कार्य

नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादींचे क्षार विरघळलेले असतात. पाणी वाळते तेव्हा क्षार मागे राहतात व काचेवर पांढरट ठिपके उमटतात. पाण्यातील विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण 'टीडीएस' या मापाने सांगतात. टीडीएस ३०० असलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम घन पदार्थ असतो. दांड्याच्या पद्धतीत काच पुसली जात नसल्यामुळे हे प्रमाण शून्याच्या जवळ आणावे लागते. साधारणपणे १० पर्यंतचे पाणी चालते, परंतु शून्य हेच उद्दिष्ट ठेवतात.

पाणी शुद्ध करण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत आयन-विनिमय करणाऱ्या रेझिनच्या मण्यांतून पाणी सोडतात. दुसऱ्या पद्धतीत पाणी आधी आरओ पडद्यातून गाळून बहुतांश क्षार काढतात आणि उरलेले क्षार रेझिनने काढतात. निवड स्थानिक पाण्यावर अवलंबून असते. स्कॉटलंड, वेल्स यांसारख्या मृदू पाण्याच्या भागांत केवळ रेझिन पुरते. लंडन व आग्नेय इंग्लंडच्या खडूच्या खडकांतून येणारे पाणी कठीण असते; तेथे नुसते रेझिन वापरल्यास ते लवकर संपते व खर्चिक ठरते. म्हणून आरओ आधी जोडतात. आरओमध्ये काही पाणी वाया जाते, हा त्याचा तोटा होय. संपत आलेल्या मिश्र रेझिनला पुष्कळदा मासळीसारखा वास येतो. तथापि वासाची वाट न पाहता टीडीएस मापकाने रोज तपासणी करणे इष्ट ठरते.

दांड्याची निवड

साहित्य : दांडे ॲल्युमिनियम, काचतंतू (फायबरग्लास), कार्बनतंतू किंवा या दोन तंतूंच्या मिश्रणाचे असतात. ॲल्युमिनियमची घनता सुमारे २.७, काचतंतू-रेझिन मिश्रणाची सुमारे २ आणि कार्बनतंतू-रेझिन मिश्रणाची सुमारे १.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. कार्बनतंतू काचतंतूपेक्षा कितीतरी अधिक ताठ असतो. त्यामुळे तितक्याच लांबीचा कार्बनचा दांडा हलका असूनही कमी वाकतो. उच्च ताठपणाचा कार्बन आणखी हलका दांडा देतो. पण तो महाग असतो आणि आडवा मार बसल्यास ठिसूळपणामुळे तडकण्याचा संभव अधिक असतो. पहिल्या मजल्यापर्यंतच्या कामास काचतंतूचा किंवा मिश्र दांडा पुरेसा होतो. दुसऱ्या मजल्याच्या वर दिवसभर काम करायचे असल्यास कार्बनला पर्याय उरत नाही.

लांबी व ताठपणा : सर्वांत लांब दांडा सर्वांत उपयोगी असेल, असे नाही. जाडी व साहित्य तेच ठेवून दांड्याची लांबी दुप्पट केली, तर टोकावरील तितक्याच भाराने तो आठपट वाकतो. वाकलेल्या दांड्याचा ब्रश हाताची हालचाल झाल्यावर क्षणभराने हलतो, काचेवरून उसळतो आणि कोपरे सुटतात. शिवाय लांब दांड्याचे खालचे भाग जाड असतात. ते हातात नीट मावत नाहीत. म्हणून नित्याच्या कामासाठी ६ ते ८ मीटरचा एक दांडा आणि क्वचितच्या उंच कामासाठी वेगळा लांब दांडा ठेवणे सोयीचे ठरते. विक्रीच्या वेळी सांगितलेली पोहोच पुष्कळदा वापरणाऱ्याच्या हाताची उंची धरलेली असते. दांड्याची प्रत्यक्ष लांबी वेगळी विचारावी लागते. दांडा भिंतीपासून तिरपा धरला जात असल्याने थोडी अधिक लांबीही हिशेबात घ्यावी लागते. हाताच्या उंचीपासून ५ मीटर वर असलेल्या काचेसाठी भिंतीपासून २ मीटर अंतरावर उभे राहिल्यास सुमारे ५.४ मीटर दांडा लागतो.

पाण्याचा भार : आतून ५ मिलिमीटर व्यासाच्या १० मीटर नळीत सुमारे २०० ग्रॅम पाणी मावते. हा भार थोडा वाटला तरी त्याचा मोठा भाग उंचावर असतो. पाणी १० मीटर वर चढवण्यासाठी साधारण १ बार दाब केवळ उंचीपोटी खर्च होतो. बारीक नळीतील घर्षणासाठी त्याहून अधिक दाब लागतो. त्यासाठी गाडीतील टाकीवर १२ व्होल्टचा पंप बसवतात. लहान कामासाठी पाठीवरची किंवा चाकाच्या ढकलगाडीवरची टाकी वापरतात.

ब्रश व जोडणी : ब्रशचे केस नायलॉनचे, रानडुकराचे किंवा मिश्र असतात. नायलॉन काचेवर सहज सरकते. नैसर्गिक केस मळ अधिक चांगला घासतात, पण पाणी शोषून जड होतात. टोकाजवळची वाकडी मान योग्य कोनात बसवली नाही, तर ब्रशचे अर्धेच केस काचेला टेकतात. दांड्याचे क्लॅम्प एका हाताने उघडता येतील असे व सुटे भाग मिळतील असे असावेत. सर्वाधिक झीज त्यांचीच होते.

हाताळणी

काम सुरू करण्यापूर्वी प्रथम वर पाहून वीजतारा, गच्च्या, सैल फरशा व उघडी तावदाने तपासतात. नंतर दांडा उभा धरून, बुंधा जमिनीवर टेकवून, त्याला पायाचा आधार देतात. सरकत्या दांड्यात सर्वांत बारीक भाग आधी बाहेर काढतात आणि क्रमाने जाड भागांकडे येतात. त्यामुळे प्रत्येक क्लॅम्प हाताच्या उंचीवर असतानाच आवळता येतो. मिटताना क्रम उलटा असतो. पूर्ण उघडलेला दांडा घेऊन चालणे किंवा तो आडवा करणे टाळतात. आडव्या दांड्याचा भार मनगट, खांदा व कंबर यांवर एकवटतो आणि दांडाही मोडू शकतो.

धुताना वरची चौकट आधी घासतात, कारण तिच्यातील धूळ खाली उतरते. त्यानंतर काच वर-खाली, पट्ट्यांवर पट्टी चढेल अशी घासतात. कडा व कोपरे शेवटी घेतात. मग ब्रश काचेपासून किंचित उचलून वरून खाली पाणी सोडतात. काही काचांवर पाणी पातळ चादरीसारखे पसरते. तेथे थोडक्या पाण्यात काम होते. काही काचांवर पाण्याचे थेंब जमतात. तेथे अधिक वेळ धुवावे लागते. बरीच वर्षे न धुतलेल्या चौकटीतून पहिल्या वेळी मळ झिरपत राहतो व काचेवर ओघळ दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात ते नाहीसे होतात.

धोके

दांड्यामुळे माणूस शिडीवरून खाली आला, परंतु धोका संपला नाही. त्याचे रूप बदलले. सर्वांत गंभीर धोका विजेचा आहे. ब्रिटनमध्ये काही उघड्या वीजतारा जमिनीपासून ५.२ मीटर इतक्या खाली असू शकतात. ७ मीटरचा दांडा त्यांच्या पलीकडे जातो. कार्बनतंतू विजेचा वाहक आहे. काचतंतू विजेचा रोधक असला, तरी ओल्या व मळलेल्या पृष्ठभागावरून वीज वाहू शकते. शुद्ध पाणी विजेचे दुर्वाहक असते, या समजुतीवर विसंबणे घातक ठरते; कारण काचेवरील मळ मिसळताच ते शुद्ध राहत नाही. हातमोजे किंवा दांड्यावरील रोधक वेष्टन यांना सुरक्षित अंतराचा पर्याय मानता येत नाही. तार जवळ असल्यास ती बाजू सोडून देणे किंवा वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेणे हेच मार्ग उरतात.

याशिवाय वाऱ्याने दांडा फिरणे, जमिनीवर पसरलेल्या नळीत पादचारी अडखळणे, ओल्या फरशीवर घसरणे आणि हिवाळ्यात पाणी गोठणे हे धोके संभवतात. सतत मान वर करून काम केल्याने मान व खांदे यांची दुखणी जडतात. अधूनमधून हात बदलणे, भिंतीपासून पुरेसे दूर उभे राहणे आणि उंच खिडक्यांचे काम दिवसभरात विभागून घेणे हे त्यावरील उपाय होत.

मर्यादा

वाळलेला रंग, सिमेंटचे शिंतोडे व चिकटद्रव्य दांड्याच्या ब्रशने निघत नाहीत. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या जुन्या काचा, गळक्या चौकटी आणि पांढरी पूड सुटणारा जुना रंग असेल तेथे ही पद्धत अयोग्य ठरते. खिडकीची आतली बाजू अर्थातच हातानेच पुसावी लागते.

भारतातील वापर

मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील काचेच्या उत्तुंग इमारती दोरावरून उतरणारे कामगार किंवा लोंबता पाळणा यांच्या साहाय्याने धुतल्या जातात. दांड्याची पोहोच तेथे अपुरी पडते. कमी मजल्यांच्या इमारती व सौर तावदाने यांसाठी दांडा उपयुक्त आहे. निवासी इमारतींत खिडक्यांना लोखंडी जाळ्या असतात आणि सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या खोबणीतून पाणी आत येऊ शकते, या अडचणी मात्र राहतात. तलावांतून येणारे मुंबईचे पाणी तुलनेने मृदू आहे. कूपनलिकेच्या पाण्यासाठी आरओ आवश्यक ठरते. भारतीय मानक आय.एस. १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत स्वीकार्य आहे. म्हणजेच पिण्यास योग्य असलेले पाणी या कामासाठी योग्य असेलच असे नाही.

विजेच्या सुरक्षेसंबंधीच्या भारतीय नियमांत इमारत आणि ११ किलोव्होल्टपर्यंतच्या उघड्या तारा यांच्यामध्ये किमान १.२ मीटर आडवे अंतर सांगितले आहे. हे अंतर इमारतीसाठी आहे, हातात दांडा असलेल्या माणसासाठी नव्हे. भिंतीशी दांडा उभा करताना तो थोडा कलला, तरी एवढे अंतर सहज ओलांडले जाते.